लिनक्स सामान्य माणसापर्यंत पोहोचेल का, आणि वाचनालयातल्या सहा मशीनचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात सहा जुने कॉम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ही मशीन विंडोज ११ घेत नाहीत आणि नवीन घ्यायला पैसे नाहीत. कार्यकारिणीतला एक तरुण सभासद म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाका. बाकीचे म्हणतात ते इंजिनिअर लोकांचं खूळ, साध्या माणसाला झेपणार नाही. विचारणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: अशी ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला आहे अशी, प्रणाली सामान्य माणसापर्यंत कधी पोहोचणार आहे का, आणि आत्ता त्यांनी काय करावं.

मी सातारा-सांगली भागात ऑफिसांच्या कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, घेतो. पतसंस्था, शाळा, सीएंची ऑफिसं असे गिऱ्हाईक. त्यामुळे हे उत्तर प्रोग्रामरचं नाही. रविवारी दुपारी ‘अहो, प्रिंट निघत नाहीये’ असा फोन ज्याला येतो, त्याचं आहे.

पहिल्या प्रश्नापुरतं बोलायचं तर लिनक्स केव्हाच पोहोचलं आहे. लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलेलं कर्नल, म्हणजे या प्रणालीचा गाभा, आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. घरातल्या बहुतेक वायफाय राउटरमध्ये आणि बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्येही आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यात नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरं काही नाही. राहिला तो टेबलावरचा कॉम्प्युटर. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत २०२४ च्या फेब्रुवारीत जगभरातल्या डेस्कटॉपवर लिनक्सने चार टक्क्यांचा आकडा ओलांडला, त्याचंच लोकांना केवढं अप्रूप वाटलं. तीस वर्षांत चार टक्के. एकीकडे शंभर टक्के आणि दुसरीकडे चार, हे कशामुळे, ते बघायला हवं.

यात मला सर्वांत बोलकी वाटते ती जिओफोनची गोष्ट. मोझिला या फायरफॉक्सवाल्या संस्थेने २०१३ मध्ये फायरफॉक्स ओएस नावाची मोबाइलची प्रणाली बाजारात आणली. पूर्ण खुली, खाली लिनक्सचंच कर्नल, वर सगळं वेबच्या तंत्रावर. भारतात २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आला. एवढ्या पैशात टचस्क्रीन म्हणजे तेव्हा नवलच होतं. पण त्यावर अधिकृत व्हॉट्सॲप नव्हतं, आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप नसलेला फोन घेऊन माणूस करणार काय? डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. ओपन सोर्सची हौस फिटली, असं तेव्हा बरेच जण म्हणाले.

पण कोड खुला होता. तोच उचलून कायओएस तयार झाली, आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमध्ये बसली. बटणांचा फोन, ४जी, १,५०० रुपये अनामत. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आणि यूट्यूब आलं. पुढे काय झालं ते तुम्ही एसटी स्टँडवर, बांधावर, भाजीच्या गाड्यावर स्वतः पाहिलं आहे. हे फोन कोट्यवधींनी खपले. म्हणजे ‘फसलेली’ ओपन सोर्स प्रणाली भारतातल्या कोट्यवधी हातांत गेली, आणि त्यांतल्या कुणालाही तिचं नाव विचारलं तर ‘जिओचा फोन आहे’ एवढंच उत्तर मिळालं असतं. मधल्या काळात कोडमध्ये सुधारणा झाल्या, नाही असं नाही. पण खरा फरक पडला तो सिम, रिचार्ज, व्हॉट्सॲप आणि नाक्यावरचं जिओचं दुकान यांनी. बिघडला तर कुणाच्या काउंटरवर ठेवायचा, हे ठाऊक होतं.

सामान्य माणूस ऑपरेटिंग सिस्टिम निवडत नाही. मशीनबरोबर येते ती त्याची. हे गुगलला पक्कं कळलं होतं, म्हणून तर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाचा एक मोठा आक्षेप हाच होता, की प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलची बाकीची ॲपही फोनमध्ये आधीच टाकून द्यावी लागतात, अशी अट फोन कंपन्यांना होती. अँड्रॉइडचा मूळ कोड आजही कुणीही घेऊ शकतो. पण प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस त्या खुल्या भागात येत नाहीत, आणि त्यांच्याविना बँकेची ॲप अनेकदा रुसून बसतात. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली भारओएसचा गाजावाजा झाला. तिचा पाया तोच अँड्रॉइडचा खुला कोड आहे. आमच्या भागातल्या मोबाइलच्या दुकानात मला ती अजून दिसलेली नाही. दुकानदार ती का ठेवेल, याचं उत्तर कुणाकडे नसेल तर प्रणाली कितीही चांगली असली तरी काय उपयोग?

(पोहोचल्यावर ती खरोखर ‘मुक्त’ राहते का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे त्यात शिरत नाही.)

लॅपटॉपच्या बाजारातही हे एकदा घडून गेलं आहे. २००७ च्या अखेरीस असुसने ईई पीसी काढला. सात इंची पडदा, किंमत खेळण्यातली, आणि आत झँड्रॉस नावाचं लिनक्स. लोकांच्या उड्या पडल्या. मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा नवा व्हिस्टा एवढ्याशा मशीनवर चालणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी २००८ मध्ये, विक्री बंद होत आलेल्या एक्सपीला खास अशा छोट्या मशीनसाठी मुदतवाढ दिली. वर्ष-दीड वर्षात नेटबुकचा, म्हणजे या छोट्या लॅपटॉपचा, बहुतेक बाजार विंडोजकडे गेला. कारखान्यात कोणती डिस्क लागते, तिथेच निकाल लागतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो बाहेरच्या लेखांत वाचायला मिळत नाही. लॅपटॉपच्या दुकानात जा. त्याच मॉडेलचे दोन डबे असतात, एक विंडोजचा आणि एक ‘डॉस’चा (म्हणजे विंडोज नसलेला) किंवा उबुंटू नावाच्या लिनक्सचा, काही हजारांनी स्वस्त. गिऱ्हाईक स्वस्तातला घेतो. बिल होईपर्यंत काउंटरमागचा पोरगा पेन ड्राइव्ह लावतो, उबुंटू उडवतो, विंडोज ‘मारून’ देतो, वर ऑफिस, फोटोशॉप आणि मराठी फाँटचा गठ्ठा टाकतो. या सगळ्याचे पैसे शून्य, फार तर चहापाणी. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या अहवालात भारतातल्या विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण ५६ टक्के धरलं होतं. छोट्या गावांत ते याहून कमी असेल असं मला वाटत नाही. ‘लिनक्स फुकट आहे’ हा मुद्दा जर्मनीत चालतो, तिथे परवान्याचं बिल भरावं लागतं. आपल्याकडे विंडोजही फुकटच मिळत आलं, मग लिनक्सचा हुकमी एक्का चालणार कसा? त्या फुकटच्या विंडोजसाठी ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे परवाना चुकवणारा प्रोग्रॅम, चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि पुढचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं. पण ते दुखणं सहा महिन्यांनी येतं आणि त्याचं बिल माझ्यासारख्याकडे येतं. विकणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

आता माझ्या रोजच्या कामातलं सांगतो. लिनक्स इन्स्टॉल करणं ही आज अर्ध्या तासाची बाब आहे, विंडोजपेक्षा सोपी. अडतं ते कडेच्या गोष्टींवर.

पहिली गोष्ट प्रिंटर. ऑफिसातले स्वस्त लेझर प्रिंटर दोन जातींचे असतात. एक जात पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टसारखी सर्वमान्य भाषा समजते. दुसऱ्या जातीच्या प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं. पानाचा नकाशा कॉम्प्युटरनेच तयार करायचा आणि कंपनीच्या स्वतःच्या, कुठेही न छापलेल्या पद्धतीने त्याच्या गळी उतरवायचा. त्याचा ड्रायव्हर कंपनीने लिनक्ससाठी दिला तर दिला, आणि दिला असेल तर तो बऱ्याचदा जुनाट ३२ बिटचा. एका शाळेत अशा प्रिंटरसमोर मी दुपारभर बसलो होतो. स्क्रीनवर ‘प्रिंटिंग कम्प्लीट’, ट्रेमध्ये कागद जागच्या जागी, आणि दारात बोनाफाईडसाठी पालकांची रांग. लिपिकबाई मला काही बोलल्या नाहीत. शिपायाला म्हणाल्या, ‘जुनाच कॉम्प्युटर आण बाबा.’ त्या क्षणी कर्नल किती भक्कम आहे हे सांगायची सोय नसते. गंमत म्हणजे पतसंस्थेतला खडखडणारा डॉट मॅट्रिक्स लिनक्सवर मुकाट चालतो, कारण तो साधा मजकूर जसाच्या तसा घेतो. आणि अलीकडचे वायफायवाले प्रिंटर, ज्यांच्यावर फोनमधून थेट प्रिंट देता येते, तेही विनाड्रायव्हर चालतात. अडचण मधल्या पिढीची आहे, आणि ऑफिसं भरली आहेत ती नेमकी त्याच पिढीने.

दुसरी गोष्ट मराठी. त्याच शाळेत बोनाफाईडचा नमुना युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये होता. लिब्रेऑफिसमध्ये (मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा खुला पर्याय) उघडला तर शाळेच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची भेळ. बाईंनी विचारलं, ‘याला मराठी येत नाही का?’ येतं की, उत्तम येतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजवर आहे तोच इथे आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित फाँटवर वर्षानुवर्षं काम केलं, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता तर कुठेही फुकट वापरता येतो, ‘कैऱ्या’तला ऱ्यसुद्धा नीट पडतो. पण ज्यांची तीस वर्षांची दप्तरं जुन्या फाँटात अडकली आहेत, त्यांना हे सांगून उपयोग नाही. ती फाँटची फाइल लिनक्समध्ये टाकली तर जुनं पत्र नीट दिसतं, एवढं जमतं. मात्र त्या फाँटात टाइप करून देणारं सॉफ्टवेअर विंडोजचंच असतं. म्हणजे वाचायला ठीक, बदलायला पंचाईत. यावर खरा इलाज म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणणं. ते काम विंडोजवर राहूनही करायलाच हवं, पण त्याचं खापर फुटतं ते नव्या प्रणालीवर.

तिसरी टॅली. ती विंडोजची आहे. वाइन या विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून ती चालवणारे उत्साही लोक आहेत, पण मार्चअखेरीला हिशेब अडकला तर मी त्याची जबाबदारी घेणार नाही. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच. ड्रायव्हर लिनक्ससाठी बऱ्याचदा मिळतो, पण पोर्टलवर सही उमटवणारी छोटी युटिलिटी विंडोज धरूनच बनवलेली असते.

मग जिथे जमलं तिथे कसं जमलं? केरळ बघा. तिथल्या सरकारने २००१ च्या सुमारास आयटी ॲट स्कूल ही योजना सुरू केली. आधी विंडोजही होतं. शिक्षकांच्या संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी विरोध केला, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत शाळा पूर्णपणे लिनक्सवर गेल्या. आज काइट नावाची सरकारी कंपनी शाळांसाठी स्वतःची लिनक्सची आवृत्ती तयार करते. भाषेची सोय, गणिताचं जिओजेब्रा, चित्रांसाठी जिंप आणि इंकस्केप, सगळं आत बसवलेलं. मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची गोष्ट: पाठ्यपुस्तक त्याच प्रणालीवर लिहिलेलं, दहावीची आयटीची परीक्षा त्याच प्रणालीवर, आणि शिक्षकांना शिकवणारे शिक्षक सरकारनेच तयार केलेले. मशीन अडलं तर विचारायला शेजारच्या शाळेत माणूस असतो. तिथल्या दहावीच्या पोराला लिनक्स ‘वेगळं’ वाटत नाही, कारण त्याने पहिलं पाहिलं तेच.

आपल्याकडे सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी लागते. लाखो लोकांनी ती केली, अनेक घरांत माउस हातात धरायला तिनेच शिकवलं, हे नाकारता येणार नाही. पण तिच्यात शिकवलं जातं ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. मग तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनाने वेगळा मेनू दिसला की हात मागे का घेऊ नये? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं, भारतीय भाषांसह. ते बरं होतं. पण ते शिकवणारा क्लास गल्लीत नव्हता, आणि ते विचारणारी परीक्षाही नव्हती.

जर्मनीतल्या म्युनिकचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी देतात. तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले, तरी २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार मशीन बदलली. आणि २०१७ मध्ये महापालिकेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. काही म्हणतात तंत्र हरलं, काही म्हणतात राजकारण. मला दिसतं ते इतकंच, की बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण हा तिथेही कायमचा काटा होता. तुम्ही बदललात तरी समोरचा बदलत नाही. जर्मनीच्याच उत्तर टोकाच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार मशीनसाठी तीच वाट धरली आहे. त्यांनी आधी ऑफिसची सॉफ्टवेअर बदलायची आणि मग प्रणाली, असा क्रम ठेवला. मला तो शहाणपणाचा वाटतो.

आज परिस्थिती दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरीच अनुकूल आहे, आणि याचं श्रेय लिनक्सवाल्यांना फारसं जात नाही. कामच ब्राउझरमध्ये गेलं. एकेकाळी सरकारी साइट इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय उघडत नसे, ॲक्टिव्हएक्सचं काहीतरी मागत असे. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच एक्स्प्लोरर निवृत्त केला आणि तो अडसर गेला. सातबारा, आपले सरकार, एमपीएससीचा अर्ज, बँक, सगळं क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये चालतं, खाली काहीही असो. गेमच्या बाबतीतही वाल्व कंपनीच्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्राने हेच केलं: पोरं विंडोजचे गेम लिनक्सवर खेळतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

तर आता तुमची सहा मशीन.

आधी प्रत्येक मशीनवर कोण काय करतं ते कागदावर लिहा. वाचकांसाठीच्या मशीनवर अर्ज भरणं, ई-पेपर, यूट्यूबवरची लेक्चर हेच चालत असेल, तर तिथे डोळे झाकून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. रॅम चार जीबी असेल तर आठ करा, आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. लोक ‘लिनक्समुळे फास्ट झालं’ म्हणतील, अर्धा वाटा एसएसडीचा असेल, म्हणू दे. वाचकांना वेगळं साधं खातं द्या, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. ब्राउझर बंद होताना सगळं पुसलं जाईल अशी सेटिंग करा, नाहीतर एकाचा ईमेल दुसऱ्याला दिसायचा.

जमाखर्चाचं मशीन सध्या हलवू नका, विशेषतः त्यावर टॅली असेल तर. विंडोज १० ला सुरक्षेच्या अपडेटची मुदतवाढ मिळते, पण घरगुती मशीनसाठीची योजना वेगळी आणि संस्थांसाठीची पैसे भरून घ्यायची वेगळी. ऑडिटरला विचारून ठरवा, आणि ते होईपर्यंत त्या मशीनवर बँकेचं काम सोडून बाकी इंटरनेट बंद ठेवा.

ग्रंथपालांच्या मशीनचा निर्णय त्यांच्या सॉफ्टवेअरवर आहे. कोहा हे ग्रंथालयाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुळात लिनक्ससाठीच बनलं आहे आणि भारतात अनेक कॉलेजांत चालतं. पण ते सांभाळायला जाणता माणूस लागतो. तुमची पुस्तकं काही हजारच असतील आणि दाखल नोंदवही अजून कागदावर असेल, तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये नीट युनिकोड मराठीत यादी करा. पुढे कोहा घ्यायचं झालं तर तीच यादी कामाला येईल.

त्या तरुण सभासदाचा उत्साह चांगला आहे, पण त्याला उद्या पुण्यात नोकरी लागली तर? त्याच्याबरोबर दुसरं कुणीतरी शिकून ठेवा. ग्रंथपालच शिकले तर सर्वांत उत्तम. वायफाय कसं जोडायचं, अपडेट कसं द्यायचं, खातं कसं उघडायचं, एवढंच पानभर मराठीत लिहून मशीनशेजारी चिकटवा.

आणि काहीही फॉरमॅट मारण्याआधी मिंटचा पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून मशीन चालू करा, काही इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तपासा. मग तुमचा प्रिंटर जोडून एक पान छापून बघा. पान बाहेर आलं तर पुढे जा. नाही आलं तर प्रिंटरचं मॉडेल आधी इथे कळवा, त्याशिवाय डिस्कला हात लावू नका.